एकशे सत्त्याऐंशीवे मत

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक मताला आले. बाजूने १८६ मते आली, विरोधात एक. ते एक मत शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशींचे होते. तेव्हापासून या माणसाचा विषय निघाला की हे मत पुराव्यासारखे पुढे टाकले जाते: पाहा, खुल्या बाजाराचे गोडवे गाणारा हा गृहस्थ शेवटी बायकांच्या विरोधात एकटा उभा राहिला. मग त्या मताच्या दोरीला बाकीचे आरोपही बांधले जातात. बड्या बागायतदारांचा वकील. आधी सरकारकडे भाव मागितला आणि नंतर सरकारच नको म्हणाला. समाजवाद हा शब्दही त्याला सोसवेना. शेवटी सत्तेच्या आघाडीत जाऊन खासदारकी घेतली.

यातला एक आरोप मला मान्य आहे, त्याकडे पुढे येतो. बाकीचे आरोप खोटे आहेत. वर्षानुवर्षे ते उत्तराविना फिरत राहिले म्हणून खरे वाटू लागले आहेत, एवढेच.

आधी मताविषयी. विधेयकाची रीत अशी होती की लोकसभेच्या आणि विधानसभांच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव ठरणार आणि त्या जागा आळीपाळीने फिरत राहणार. आज या मतदारसंघात आरक्षण, पुढच्या निवडणुकीत शेजारच्या. जोशींचा आक्षेप या फिरत्या जागांवर होता. पाच वर्षे राबून एखाद्या बाईने मतदारसंघ बांधायचा आणि पुढच्या वेळी जागा खुली झाली की पक्षाने तिकीट पुरुषाला द्यायचे. निवडून आलेल्या पुरुषालाही पुढच्या वेळी ही जागा आपल्याला मिळणार नाही हे ठाऊक, म्हणून त्यालाही मतदारसंघाची फिकीर नाही. मतदार आणि प्रतिनिधी यांच्यातला हिशेब दर पाच वर्षांनी पुसला जाणार. महाराष्ट्रात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक निवडणुकीआधी आरक्षणाची सोडत निघते. त्या दिवशी किती चांगल्या नगरसेविकांचे वॉर्ड हातातून जातात आणि किती वॉर्डांत मावळत्या नगरसेवकाची पत्नी अर्ज भरते, हे आपण सगळे बघतो.

या आक्षेपाशी कुणाचे मतभेद असतील तर ते मी समजू शकतो. दोष असला तरी आरक्षण आधी येऊ दे, रीत मागाहून सुधारू, ही भूमिका प्रामाणिक आहे. पण आक्षेप काय होता हे न सांगता फक्त मताचा आकडा सांगणे अप्रामाणिक आहे. त्या दिवशी सभागृहात काय चालले होते तेही सांगितले पाहिजे. समाजवादी पक्षाच्या आणि राष्ट्रीय जनता दलाच्या सदस्यांनी गोंधळ घातला, सात सदस्य निलंबित झाले, मार्शल बोलवावे लागले. बहुजन समाज पक्षाने सभात्याग केला. तृणमूल काँग्रेसने मतदानात भाग घेतला नाही. बाजूने मत देणाऱ्या बहुतेकांना आपापल्या पक्षाचा व्हिप होता. जोशींच्या स्वतंत्र भारत पक्षाचे राज्यसभेत ते एकटेच. त्यांनी कागद फाडले नाहीत, बाहेर निघून गेले नाहीत, आजारपणाचे निमित्त काढून गैरहजर राहिले नाहीत. जे पटत नव्हते त्याच्या विरोधात मत दिले आणि ते नोंदवू दिले. संसदेत मत द्यायचे ते असेच.

पुढचा प्रश्न टीकाकार कधी विचारत नाहीत. हे विधेयक बुडाले कुणामुळे? राज्यसभेत ते १८६ विरुद्ध १ असे संमत झाले. त्यानंतर २०१४ पर्यंत तेच सरकार दिल्लीत होते. त्या चार वर्षांत विधेयक लोकसभेत मताला आलेच नाही, आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर ते आपोआप संपले. बाजूने हात वर करणाऱ्या पक्षांना कुणी स्त्रीविरोधी म्हणत नाही. ज्याच्या मताने विधेयकाचा केसही वाकडा झाला नाही, त्याला मात्र म्हणतात. २०२३ मध्ये घटनादुरुस्ती पुन्हा आली आणि संमत झाली. तिच्यातही जागा फिरणार आहेतच, पण दर निवडणुकीला नव्हे, मतदारसंघांच्या प्रत्येक फेररचनेनंतर. म्हणजे जागा लागोपाठच्या निवडणुकांना फिरू नयेत, हे अखेर कायदा करणाऱ्यांनाही पटले. हा बदल जोशींमुळे झाला असा माझा दावा नाही. दोष खरा होता, आणि २०१० मध्ये त्या दोषाच्या विरोधात मत नोंदवणारा सदस्य एकच होता, एवढेच माझे म्हणणे.

आणि मतदान तपासायचेच तर माणसाने मत देण्याआधी पंचवीस वर्षे काय केले तेही तपासावे लागेल. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. लाखावर बाया आल्या होत्या. ट्रक-ट्रॅक्टरमधून आल्या, डोक्यावर भाकरीची गाठोडी घेऊन आल्या, कित्येकींच्या कडेवर पोरे होती. लोकसभेतल्या ३३ टक्के जागांची चर्चा सुरू व्हायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. चांदवडनंतर शेतकरी महिला आघाडीने पंचायत राज्याच्या निवडणुकांत पूर्ण महिला पॅनेल उभी करायचे ठरवले. १९८९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्याने आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने अशी पॅनेल निवडूनही आणली. गावकीने बायांच्या हाती ग्रामपंचायत दिली, तेही कायद्याचा धाक नसताना. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती व्हायला तेव्हा तीन वर्षे होती.

लक्ष्मीमुक्ती याच्याही पुढची गोष्ट. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करून द्यावा आणि सातबाऱ्यावर तिचे नाव चढवावे, असे आवाहन जोशींनी केले. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील त्या गावाला आपण स्वतः जाऊ, असा शब्द दिला आणि तो पाळत गावोगाव हिंडले. हिंदू वारसा कायद्यात मुलींना समान हिस्सा देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती १९९४ ची, केंद्राची २००५ ची. लक्ष्मीमुक्ती त्या दोन्हींच्या आधीची. जमीन म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की नवऱ्याकडून सातबाऱ्यावर सही मिळवणे हे विधानसभेत भाषण करण्यापेक्षा किती अवघड काम आहे. भावाभावांत बांधावरून कुऱ्हाडी निघतात तिथे पुरुषांनी आपणहून हिस्से लिहून दिले. स्त्रीच्या नावावर मालमत्ता आली तर तिचे घरातले स्थान बदलते, हा विचार मालमत्तेचा हक्क पवित्र मानणाऱ्या माणसालाच सुचू शकतो, असे मला वाटते. त्यांच्या स्वातंत्र्यवादाचे सर्वांत सुंदर फळ मी यालाच म्हणेन. बायकांविषयीच्या त्यांच्या दृष्टीवर बोलणाऱ्या किती लोकांनी लक्ष्मीमुक्तीचे नाव ऐकले आहे?

आता बड्या बागायतदारांचा वकील. जोशींचा जन्म १९३५ चा, साताऱ्याचा. वाणिज्य शाखेचे शिक्षण, काही काळ प्राध्यापकी, मग भारतीय टपाल सेवेत अधिकारी, आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात नोकरी. ती सोडून १९७७ च्या सुमारास ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले. पहिले पीक घेतल्यावर त्यांना जे कळले ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हते: पीक बुडाले तर शेतकरी बुडतोच, पण पीक चांगले आले तरी बुडतो. चाकणच्या बाजारात कांदा मातीमोल होत होता, कारण भाव जरा वर आला की दिल्लीतून निर्यात बंद व्हायची. तिथून कांद्याचे आंदोलन उभे राहिले. जानेवारी १९८० मध्ये त्याच भागातल्या वांद्रे ते चाकण रस्त्यासाठी मोर्चा निघाला. त्या भागातले लोक बागायतदार नव्हते. डोंगरकपारीत दोन-चार एकर कसणारे होते, आणि पावसाळ्यात आजारी माणूस चाकणपर्यंत आणायला त्यांच्याकडे वाट नव्हती.

१९८० च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांदा एकत्र आले. उसाला टनामागे तीनशे रुपये, कांद्याला परवडेल असा भाव. रस्ते अडले, रेल्वे अडली, गोळीबार झाला. १९८१ मध्ये निपाणीला तंबाखू उत्पादकांनी हमरस्त्यावर ठाण मांडले. तिथेही गोळीबार झाला, शेतकरी मेले. निपाणीची लढाई खासगी तंबाखू व्यापाऱ्यांच्या लुटीविरुद्ध होती. व्यापाऱ्यांचा हस्तक म्हणून ज्याला हिणवले जाते त्याने व्यापाऱ्यांच्या दारातच मोठा सत्याग्रह केला. पुढे विदर्भ-मराठवाड्यातला कापूस. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीला लावून जे आले त्यांत कोरडवाहू कापूसवाला मोठ्या संख्येने होता, आणि त्याच्या शेतात विहीर असली तर तिला उन्हाळ्यात पाणी नसायचे.

लहान शेतकरी बाजारात विकतोच कुठे, त्याला भावाचा काय फायदा, असा एक विद्वत्तापूर्ण युक्तिवाद तेव्हा पुण्या-मुंबईत चालायचा. अजूनही चालतो. ज्याला मुलीच्या लग्नासाठी, मीठ-तेलासाठी, सोसायटीच्या हप्त्यासाठी रोकड लागते तो सुगीला पहिला विकतो, आणि सगळ्यात पडलेल्या भावाने विकतो. मोठा शेतकरी थांबू शकतो. भाव पाडण्याचा पहिला घाव लहानावर बसतो. या साध्या गोष्टीसाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, लासलगावला किंवा चाकणला एक बाजारदिवस उभे राहिले तरी पुरते.

तिसरा आरोप जरा गंभीर आहे, म्हणून त्याला गंभीर उत्तर दिले पाहिजे. १९८० मध्ये उत्पादन खर्चावर आधारित भाव मागणारा माणूस १९९१ नंतर जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूने, खुल्या बाजाराच्या बाजूने, पुढे बीटी कापसाच्या बाजूने उभा राहतो, ही कोलांटी नाही का?

१९८० च्या दशकातल्या शेतकऱ्यापुढे कोणता बाजार होता ते आठवा. उसाला झोनबंदी. ज्या कारखान्याच्या क्षेत्रात शेत, त्यालाच ऊस घालायचा. कापसाला १९७२ पासून एकाधिकार खरेदी. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस राज्याबाहेर नेला तर तो गुन्हा. धान्याला लेव्ही. कांद्याला निर्यातबंदी. सगळ्यावर १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा. भाव कोण ठरवत होते? सरकार. मग भावाची मागणी सरकारकडे करायची नाही तर कुणाकडे? संघटनेची सुरुवातीपासूनची घोषणा होती: भीक नको, हवे घामाचे दाम. सबसिडी मागणाऱ्या संघटनेची घोषणा अशी नसते. जोशी तेव्हापासून एकच सांगत होते की सरकार शेतकऱ्याला देते त्यापेक्षा त्याच्याकडून काढून घेते जास्त. त्यांना वेड्यात काढले गेले. मग गॅटच्या जागतिक व्यापार वाटाघाटींसाठी खुद्द भारत सरकारने १९८६ ते १९८८ या काळाचा हिशेब सादर केला. पिकांना मिळणारे साहाय्य त्यात उणे निघाले, सुमारे २४,४४२ कोटी रुपयांनी उणे. खते, वीज, पाणी यांवरच्या सवलती त्या मानाने किरकोळ होत्या. म्हणजे जगातले श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्याला किती देतात याची चर्चा चालू असताना आपण आपल्या शेतकऱ्याकडून किती घेतले हे आपल्याच वाणिज्य मंत्रालयाने लिहून दिले. त्यानंतर उणे सबसिडी हा कुणाच्या डोक्यातला भ्रम आहे असे म्हणण्याची सोय उरली नाही. तरी म्हणतात.

डंकेलला पाठिंबा या हिशेबातूनच आला. जगाचा बाजार खुला झाला तर निदान दिल्लीचा हात भावावरून थोडा सैल होईल, हा तो विचार. बीटी कापसाचेही तसेच. बियाणे कोणते पेरायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, दिल्लीतल्या समितीने नाही.

पण या विचारात एक जागा कच्ची होती आणि ती मी झाकणार नाही. खुला बाजार कुणालाच उत्पादन खर्चाची हमी देत नाही. खर्चावर आधारित भाव आणि मोकळा बाजार या दोन मागण्या एका वाक्यात सुखाने नांदत नाहीत, आणि जोशींच्या लिखाणात पहिलीकडून दुसरीकडे झालेला प्रवास दिसतो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कापसाचा भाव पडला तेव्हा संघटनेने कृत्रिम धाग्याच्या कपड्यांविरुद्ध मोहीम काढली, त्या कपड्यांना राजीववस्त्र म्हटले, होळ्या केल्या. ती मोहीम स्वातंत्र्याच्या कुठल्याच सूत्रात बसत नाही. तिचा बचाव मी करत नाही. विचार करणारा माणूस विचार पुढे नेतो, आणि जोशींनी तो उघडपणे, छापील शब्दांत, आपल्याच पाईकांच्या रागाला तोंड देत नेला. १९८९ मध्ये दिल्लीच्या बोट क्लबवर शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैतांशीही फाटले आणि देशभरच्या शेतकऱ्यांची एकजूट मोडली. त्याची किंमत दोघांनी मोजली.

समाजवादाच्या शपथेचा मुद्दा लहान आहे, पण त्यावर जितका गहजब झाला तितका कमी मुद्द्यांवर झाला असेल. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २९अ आले. नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाने आपण समाजवादाच्या तत्त्वाशी निष्ठा बाळगतो असे पक्षाच्या घटनेत लिहून द्यायचे. जोशींनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून ही सक्ती काढण्याची मागणी केली. समाजवादावर बंदी घाला असे ते म्हणाले नव्हते. ज्याचा समाजवादावर विश्वास नाही त्याला खोटी शपथ घ्यायला लावू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मिनू मसानी आणि राजाजींच्या स्वतंत्र पक्षाला असे कलम असते तर निवडणूकच लढवता आली नसती. आणि तो पक्ष १९६७ च्या लोकसभेत ४४ जागा घेऊन सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता. आज देशातला प्रत्येक नोंदणीकृत पक्ष, भांडवलदारांच्या देणग्यांवर चालणाराही, समाजवादाची शपथ घेऊन बसला आहे. ज्याने ही लबाडी नको म्हटले त्याला लोकशाहीविरोधी ठरवायचे, हा कुठला न्याय?

आता मान्य असलेला आरोप. २००४ मध्ये जोशी राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या पाठिंब्याने राज्यसभेत गेले. त्याआधी त्यांनी जात आणि धर्माच्या राजकारणाविरुद्ध निःसंदिग्ध भूमिका घेतली होती. शेतकरी तितुका एक, हे संघटनेचे ब्रीद होते आणि त्यात मुसलमान शेतकरी, दलित शेतकरी सगळे होते. ज्या पक्षांशी त्यांनी हातमिळवणी केली त्यांचे राजकारण या ब्रीदाच्या उलट जाणारे होते. दिल्लीत आवाज पोचवायला व्यासपीठ हवे होते हे खरे, पण त्यासाठी दिलेली किंमत मोठी होती. मराठवाड्यातले, विदर्भातले कित्येक जुने सहकारी तेव्हा दुखावले गेले आणि परत आले नाहीत. त्या आघाडीने बदल्यात शेतकऱ्याला काय दिले? कांदा दिल्लीत महाग झाला की त्या पक्षाच्या सरकारचाही हात निर्यातीच्या नळावरच गेला. ही चूक जोशींची, आणि ती त्यांच्या खात्यावर राहिली पाहिजे.

याच जागेवरून नवा आरोप निघतो, आणि तो सर्वांत जास्त दिशाभूल करणारा आहे. २०२० चे तीन कृषी कायदे म्हणजे शरद जोशींचेच विचार होते, शेतकऱ्यांनी दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसून ते फेटाळले, म्हणजे जोशी हरले. २०१५ मध्ये निधन झालेल्या माणसाला हा निकाल ऐकवला जातो.

त्या वर्षीच्या तारखा पाहा. जूनमध्ये अध्यादेश निघाला: कांदा, बटाटा, डाळी, तेलबिया आवश्यक वस्तू कायद्याच्या कक्षेबाहेर. १४ सप्टेंबरला कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. त्याच सप्टेंबरमध्ये शेतकऱ्याला स्वातंत्र्य मिळाल्याचे सांगत संसदेने कायदे संमत केले. २३ ऑक्टोबरला कांद्यावर साठामर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ व्यापाऱ्याला दोन टन. ती त्याच सुधारित कायद्याखाली आली, कारण त्या कायद्यातच कलम ठेवले होते की फळे-भाज्यांचे किरकोळ भाव दुप्पट झाले की सरकार पुन्हा हात घालू शकेल. शेतकऱ्याला चार पैसे मिळायची वेळ येते ती भाव दुप्पट होतात तेव्हाच. आधीची दोन वर्षे त्याने कांदा रस्त्यावर ओतलेला असतो. ज्या कायद्याने नेमक्या त्या महिन्यात दार लावून घेण्याची सोय ठेवली, तो शरद जोशींचा कायदा कसा? पंजाब-हरयाणाच्या शेतकऱ्याने या सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. नाशिकचा कांदेवाला त्याच वेळी निर्यातबंदीने नाडला जात होता, त्याला विचारले असते तर त्यानेही ठेवला नसता.

संघटनेच्या परंपरेतल्या अनिल घनवटांना सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यांवरच्या समितीत घेतले. समितीने अहवाल दिला, न्यायालयाने तो जाहीर केला नाही, कायदे मागे घेतले गेले, आणि मार्च २०२२ मध्ये घनवटांनी स्वतःच तो लोकांपुढे ठेवला. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात पुन्हा बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली तेव्हाही ४० टक्के निर्यातशुल्क आणि किमान निर्यातमूल्य लावूनच. आवश्यक वस्तू कायदा जिथल्या तिथे आहे. जमीनधारणेची कमाल मर्यादा फक्त शेतीला आहे, कारखान्याला नाही. या कायद्यांना न्यायालयात आव्हान देता येऊ नये म्हणून त्यांना घटनेच्या नवव्या परिशिष्टात घालून ठेवले आहे. ते परिशिष्ट रद्द करा, असे जोशी मरेपर्यंत सांगत होते.

खुल्या बाजाराने शेतकऱ्याचे वाटोळे केले असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी आधी एक हंगाम दाखवावा: ज्यात कांद्याची निर्यात एकदाही बंद झाली नाही, साठ्यावर छापा पडला नाही, भाव वाढताच परदेशातून माल आणून तो पाडला गेला नाही आणि शेतकऱ्याला आपला माल हवा तिथे, हवा तेव्हा विकता आला. चाकणच्या पहिल्या आंदोलनापासून आजवर असा एकही हंगाम सरकारने येऊ दिलेला नाही, मग ते कुठल्याही पक्षाचे असो.